शलमोनला तपासायला आलेले गुरांचे डॉक्टर

…तर डॉक्टर राधाकृष्ण गोठ्याच्या दारात उभे. एका हातात गाईला चढवायच्या सलाईनच्या बाटल्या, दुसऱ्या हातात औषधांची पेटी, पॅन्ट गमबुटात खोवलेली. त्यांनी सगळ्या गाईंवरून एकदा नजर फिरवली. एकूण एक गाय निवांत रवंथ करत बसलेली.

"मावशी, आजारी कुठली?"

दयाबाईनं पदराला हात पुसले, गोठ्याकडं पाठ केली आणि घरापुढच्या ओट्याकडं बोट दाखवलं. ओट्यावर तिचा नवरा शलमोन उकडलेलं अंडं सोलत बसला होता.

"त्ये काय, बसल्यात."

काल इथपर्यंत आलो आणि जेवायची हाक आली, म्हणून तुम्हाला तसंच टांगून मी उठलो. आज पुढचं सांगतो. पण जे काल नव्हते त्यांना यातलं काही लागायचं नाही, तेव्हा जरा मागं जाऊन येऊ. तुम्हा बाकीच्यांना तेच दोनदा ऐकावं लागेल, त्याला माझा इलाज नाही. चांगली गोष्ट दोनदा ऐकल्यानं कुणाला अजीर्ण झालेलं मी पाहिलं नाही.

काष्टीत आमच्या आणि पाटोळ्यांच्या रानात एकच बांध. शलमोन पाटोळे माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, त्यामुळं त्याची बायको दयाबाई मला तात्या म्हणते. तिचं माहेर राहात्याकडचं, पेरूच्या बागांमधलं. बाप दुसऱ्यांच्या बागा राखायचा. पोरगी लहान असताना तिचं काम एकच, तोडलेल्या पेरूंच्या ढिगाशी बसायचं आणि हुंगून सांगायचं: हा आज बाजारात जाईल, हा उद्या, हा टाकून द्या. असं नाक घेऊन ती आमच्या गावात लग्न होऊन आली.

इथं पेरू नव्हते, गाई होत्या. तिनं नाकाला गाई शिकवल्या. शेण हुंगून सांगायची, पेंड जास्त झाली. मुरघासाचा, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, खड्डा उघडला की पहिली मूठ दयाबाईच्या नाकाशी. एकदा प्रार्थना ऐन रंगात आली असताना ही देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमधे, उठून उभी राहिली, "हितं काय तरी मेलंय." पाळकसाहेबांनी उपदेश थांबवला, माणसांनी बाकडी उचलून बघितली, तर कुणीतरी बाजारातून आणलेले बोंबील पिशवीत घालून बाकाखाली ठेवलेले. वास खरा होता, पण मेलं-बिलं काही नव्हतं. म्हणजे होतं, पण फार दिवसांपूर्वी आणि समुद्रात.

हे मुद्दाम सांगतो. तिचं नाक कधी चुकत नाही. नाकानं सांगितलेल्याचा अर्थ लावताना दयाबाई कधीकधी चुकते.

तिची एक गाय होती, कबरी. काळी-पांढरी, दुधाला अशी की डेअरीवाला तिची कॅन बघून उठून उभा राहायचा. तिसऱ्यांदा व्यायली आणि दुधाचा लोट सुरू झाला. फॅटसुद्धा चढता. शलमोन खूश, डेअरीवाला खूश. दयाबाईनं मात्र एक दिवस कबरीच्या तोंडाशी नाक नेलं आणि म्हणाली, "हिच्या तोंडाला पिकून गेलेल्या पेरूचा वास येतोय."

शलमोन म्हणाला, "लोकांच्या गाईच्या तोंडाला शेणाचा वास येतो, आपल्या गाईला पेरूचा. देवाचे उपकार मान."

पुढं कबरीनं पेंड सोडली. मग ती वाळत गेली, दारू प्यायल्यासारखी चालायला लागली आणि बसली ती उठलीच नाही. डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, किटोसिस. दयाबाई मला म्हणाली होती, "तात्या, नाव समजलं. गाय गेली." तेव्हापासून राहात्याची ही लेक पेरू खात नाही.

आता शलमोनकडं येतो. हा माणूस म्हणजे भलं मोठं धूड. बुलेटवर बसला की बुलेट सायकलीएवढी दिसायची. दोन वर्षांपूर्वी त्याला साखर निघाली. त्यात त्याचा थोरला भाऊ जेम्स. जेम्सलाही साखर होती, त्यानं ती मनावर घेतली नाही, पायाच्या बोटाला जखम झाली, ती चिघळली आणि शेवटी घोट्यापासून पाय काढावा लागला. भावाला कुबड्या घेऊन देवळात येताना बघितलं त्या दिवसापासून शलमोन रात्री झोपायच्या आधी स्वतःचे दोन्ही तळवे आरशात बघायचा.

म्हणून मुलानं जेव्हा तोड सांगितली, तेव्हा यानं ती देवाची आज्ञा असल्यासारखी धरली. मुलगा नोहा, चाकणला कंपनीत आहे. त्यानं स्वतःचं पोट असंच उतरवलं होतं. रोज मोबाईलवर बापाला व्हिडिओ पाठवायचा. भाकरी बंद, भात बंद, साखर-गूळ बंद, फळंसुद्धा बंद. अंडी, पनीर, कोंबडी, तूप, पालेभाजी खा. पिठाचं-साखरेचं मिळालं नाही की अंग नाइलाजानं स्वतःची चरबी जाळतं आणि माणूस उतरतो.

आमचा तालुका उसाचा. गळीत सुरू झालं की वाऱ्यालाही मळीचा वास. अशा मुलखात शलमोन बिनसाखरेचा काळा चहा प्यायला लागला. पारावरच्या मंडळीतला भिमाजी त्याला म्हणाला, "शलमोन, तुला आता तडीपार केला पायजे. कारखान्याच्या हद्दीत राहून साखर सोडतोस म्हंजे काय?"

पण उतरला हो. पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडायला लागला. दहा वर्षं उकिडवं बसता येत नव्हतं, तो धार काढायला गाईखाली बसायला लागला आणि हाका मारमारून लोकांना दाखवायला लागला.

दयाबाईला आनंद झाला नाही असं नाही. पण तिचं एक काम गेलं. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी ती चुलीपुढं बाजरीची भाकरी थापायची आणि तव्यावरून उतरली की पहिली भाकरी शलमोनच्या ताटात. आता तो अंडी घेऊन लांब बसायचा, भाकरीचा वास नको म्हणून. मला एकदा म्हणाली, "तात्या, येकटीपुरती भाकरी थापली ना, तर फुगतबी न्हाई नीट."

आणि मग एक दिवस सकाळी धारेच्या वेळी तिला तो वास आला.

ती जागच्या जागी थांबली. पहिल्या गाईच्या तोंडाशी गेली, हुंगलं. नाही. दुसरी, नाही. नवी व्यालेली होती तिला तर कान धरून हुंगलं. नाही. सगळा गोठा हुंगून झाला, वास काही कुठल्या गाईला नाही आणि तरी येतोय. तेवढ्यात तिच्या शेजारी धार काढत असलेल्या शलमोननं मोठी जांभई दिली.

पुढचं मी बांधावरून ऐकलं, कारण ते बोलणं बांधापर्यंतच काय, वेशीपर्यंत ऐकू जाईल असं होतं. दयाबाईनं गुळाचं पाणी कालवलं होतं. किटोसिसच्या गाईला पाजतात तसं बाटलीत भरून.

"आ करा."

"दया, मी काय गाय हाय का?"

"गाय असता तर आतापत्तुर ऐकलं असतंत. आ करा म्हनते!"

"अगं, गूळ मला ईख हाय! महिनोन्‌महिने केलेलं सगळं पान्यात घालवशील. बघ की, माझं पोट गेलं का न्हाई?"

"कबरीचंबी पोट गेलं हुतं."

शलमोननं दात घट्ट आवळून धरले. दोघंही तसेच उभे, मधे ती बाटली. दयाबाईनं शेवटी ते पाणी नव्या गाईला पाजलं. ती आनंदानं प्यायली.

दयाबाईनं आणखी एक पाहिलं होतं. दोन दिवस शलमोन अंडं अर्धं टाकत होता. तिच्या लेखी सगळं जुळलं: पहिल्यांदा वास, मग अन्नावरची वासना जाणं आणि त्यानंतर काय, ते तिला पाठ होतं. तिनं फोन उचलला आणि तिच्या माहितीत या आजाराचा जो एकमेव जाणकार होता त्याला लावला.

"डॉक्टरसाहेब, किटोसिस झालाय. लगेच या."

"जनावर उठतंय का मावशी?"

"उठतंय, फिरतंय. पन भाकरीला तोंड लावीत न्हाई. आन्‌ परवापासनं हाय तेबी टाकतंय."

डॉक्टरांना वाटलं, भाकरीच्या तुकड्याला सोकावलेली लाडाची गाय असेल. सलाईन घेऊन निघाले. आता आपण काल जिथं थांबलो होतो तिथं पोचलो.

डॉक्टर राधाकृष्ण तरुण माणूस. त्यांनी आधी अंडं सोलणाऱ्या शलमोनकडं बघितलं, मग हातातल्या बाटल्यांकडं, आणि हसायला लागले. मी बांध ओलांडून आलोच होतो, मीही हसलो. शलमोन तर पोट धरून, म्हणजे जेवढं उरलं होतं तेवढं धरून, हसला.

दयाबाई हसली नाही. ती डॉक्टरांना म्हणाली, "गाय आसती तर तुमी हसला आसता का?"

डॉक्टरांचं हसू तिथंच विरलं. त्यांनी बाटल्या खाली ठेवल्या आणि ओट्यावर शलमोनशेजारी बसले.

"मावशी, गाईचं वेगळं असतं," ते म्हणाले. "व्यालेली गाय खाते त्यापेक्षा जास्त दुधातून देते. मग अंगातली चरबी इतकी जोरात जाळते की तिचं लिव्हर थकतं. काकांनी पिठाचं स्वतःहून सोडलंय. त्यांचंही अंग चरबी जाळतंय, म्हणून वास तोच. पण धडधाकट माणसाला एवढ्यानं आजारी म्हणत नाहीत."

"बघ!" शलमोन म्हणाला.

"पण काका, तुम्हाला साखर आहे ना? गोळी कोणती चालू आहे?"

शलमोननं आतून पाकीट आणलं. नगरला एका डॉक्टरनं हिवाळ्यात लिहून दिलेली गोळी, लघवीवाटे साखर बाहेर काढणारी. डॉक्टरांनी पाकीट वाचलं आणि विचारलं, "भाकरी बंद केली हे त्या डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय? मी काय दारू सुरू केली का?"

"मळमळतं का?"

शलमोननं बायकोकडं चोरून बघितलं. "जरासं."

"जरासं म्हंजे कवापासनं?" दयाबाईनं विचारलं.

"…परवापासनं. तुला सांगितलं आसतं तर तू बाटली घिऊन आली आसतीस."

"तरीबी आलेच की!"

डॉक्टर उठलेच. "मी गुरांचा डॉक्टर, मला तुमच्या अंगाला हात लावायची परवानगी नाही. पण गाडी आहे. बसा. आताच."

अशी आमची वरात श्रीगोंद्याला निघाली. पुढं डॉक्टर आणि शलमोन, मागं पेंडीच्या नमुन्यांच्या पिशव्यांमधे दयाबाई आणि मी. मला कुणी चला म्हणालं नव्हतं. कुणी नको असंही म्हणालं नव्हतं. रस्ताभर दयाबाई पुढं वाकून शलमोनच्या मानेमागून वास घेत होती. आणि शलमोन, ज्यानं पारावर भिमाजीला इतके दिवस दाद दिली नव्हती, तो गोळ्यांचं पाकीट दोन्ही हातांत धरून बसला होता.

दवाखान्यात डॉक्टर रेश्मा म्हणून बाई होत्या, इथल्याच, शेतकऱ्याघरच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाकीट बघितलं, साखर मोजली. साखर चांगली निघाली.

शलमोन जागेवरून उठायलाच लागला. "चांगली हाय ना? मग झालं तर."

"बसा काका. यात हाच धोका असतो," बाई म्हणाल्या. "साखर चांगली दिसते म्हणून माणूस घरी जातो." त्यांनी रक्त काढून आत पाठवलं.

तो अर्धा-पाऊण तास मला आठवतो. शलमोन खाटेवर, हाताला सलाईन. शेवटी सलाईन चढलीच, पण माणसाची. दयाबाई पायाशी बसली होती. तिनं त्याचे मोजे काढले आणि दोन्ही तळवे मांडीवर घेऊन चोळत बसली. एक बोट सोडलं नाही. शलमोन वर छताकडं बघत म्हणाला, "मी पायासाठीच करत हुतो गं सगळं."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "आरसा मीच तिथं ठिवत हुते रोज."

मी बाहेर जाऊन आलो. डोळ्यात कचरा गेला होता.

रक्ताचा कागद आला. बाईंनी वाचला आणि पहिलं वाक्य दयाबाईला उद्देशून बोलल्या, "वेळेवर आणलंत. सुरुवात होती. दोन दिवस इथं ठेवू, बरे होतील."

दयाबाईनं छातीवर क्रूस केला नाही, रडलीही नाही. तिनं विचारलं, "मॅडम, येक सांगा. त्यो वास चांगला का वाईट?"

बाईंनी डोक्याला हात लावला, हसल्या. "हे मला मोठमोठे लोकसुद्धा विचारतात. मावशी, चुलीत जाळ असला तरी धूर येतो आणि कडब्याच्या गंजीला आग लागली तरी धूरच येतो. तुमच्या नाकाला धूर कळला. जाळ कुठला, ते नाकाला नाही कळत, रक्त बघून कळतं. पिठाचं-साखरेचं सोडलेल्या नीट तब्येतीच्या माणसात तो चुलीतला जाळ असतो, अंग आपोआप हाताखाली ठेवतं. डोकं दुखेल, पोट साफ होणार नाही, तोंडाला वास येईल, पण काही महिने केलं तर सहसा बाधत नाही. वर्षानुवर्षं केलं तर काय, याचं पक्कं उत्तर अजून आम्हालाही नाही. काकांचं तसं नाही. ही गोळी साखर बाहेर टाकत होती, वरून काकांनी साखर आत येणंच बंद केलं. जाळ चुलीबाहेर निघाला होता. रक्त आंबायला लागलं होतं म्हणा."

आमची शाळा चौथीपर्यंतची, पण हे मला समजलं. मी विचारलं, "बाई, आम्ही एकादशी करतो, आमच्या तोंडाला नाही असला वास येत."

"आजोबा, एकादशीला काय खाता?"

"साबुदाण्याची खिचडी. बटाट्याचा कीस. रताळं. केळं असलं तर केळं."

बाईंनी हसू लपवायला हातातला कागद तोंडापुढं धरला. दयाबाई मात्र त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

शलमोनला एकच भीती. "म्हंजे परत भाकरी खायची? परत वजन? परत…" त्यानं दोन्ही पाय चादरीखाली ओढून घेतले.

"ही गोळी बंद, दुसरी देते," बाई म्हणाल्या. "भाकरी अर्धी, दोन वेळेला. अंडी, भाजी तुमची चालू ठेवा. वजन उतरेल, सावकाश उतरेल. आणि इथून पुढं ताटात काही बदललं की आधी मला सांगायचं. मळमळ, उलटी, धाप, पोटात दुखणं, यातलं काही झालं तर साखर कितीही चांगली दिसो, सरळ इकडं यायचं. इन्शुलिनवाल्यांनी, किडनीवाल्यांनी, पोटुशी बायांनी तर हे मनानं करायचंच नाही."

संध्याकाळी नोहाचा फोन आला. पोरगं घाबरून गेलं होतं. दयाबाई त्याला म्हणाली, "रडू नगंस. तू चांगल्यासाठीच सांगितलंस. पन तुझं अंग निराळं, पप्पाचं अंग निराळं. येकाचा चष्मा दुसऱ्याला लागतो का?" मग फोन बंद करून शलमोनला म्हणाली, "त्याला ओरडू नगा."

"मी कवा ओरडलो?"

"ओरडनार हुता."

याला आता तीन-चार महिने झाले. शलमोन ठणठणीत आहे. धारेला उकिडवा बसतो. रोज संध्याकाळी बांधापलीकडून भांडण ऐकू येतं. हा म्हणतो, ही अर्धी भाकरी नाही, पाऊण आहे, तू भाकरीच मोठी थापतीस. ती म्हणते, तुमचे डोळे बारके झाल्यात. हा म्हणतो, मॅडमना फोटो पाठवतो. ती म्हणते, पाठवा, संगं माझ्या भाजलेल्या हाताचाबी पाठवा. परवा तर हा भाकरीवर फूटपट्टी ठेवून बसला होता आणि ती हातात उलथनं घेऊन उभी.

मी बांधावर बसून किती ऐकणार? गेलो. म्हटलं, "दयाबाई, एकदाचं काय ते ठरवून टाका की दोघांनी. किती खायचं, काय खायचं. रोजची ही कटकट कशाला?"

तिनं उलथनं खाली ठेवलं, शलमोनच्या ताटात तुकडा सरकवला आणि म्हणाली,

"ठरलंय ना, तात्या. माझ्या आदी त्यांनी जायचं न्हाई, येवढं ठरलंय. काय खायचं, ते आमी रोज भांडून बघू."